गथ्री पुरेसे नाहीत

'ग्रीक तत्त्वज्ञानासाठी गथ्रींचे (ग्रीक तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे) सहा खंड घेतले की दुसरं काही लागत नाही' असं कुणीतरी लिहिलंय. सॉक्रेटिसपूर्व मंडळी आणि प्लेटोपुरतं ते मान्य, आणि वाचायलाही गथ्री फार सुरेख. पण ही मालिका अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबते. सहावा खंड 1981 साली आला, त्याच वर्षी गथ्री गेले. त्यानंतरच्या स्टोइक, एपिक्युरियन, स्केप्टिक या पंथांसाठी लाँग आणि सेडली यांचे दोन खंड (1987) बघावेत. पहिल्यात विषयवार अनुवाद आणि भाष्य, दुसऱ्यात मूळ ग्रीक-लॅटिन उतारे. ग्रीक येत नसेल तर एकट्या पहिल्यावर मस्त भागतं, उगाच दुप्पट खर्च कशाला?

सॉक्रेटिसपूर्वांसाठी कर्क आणि रेव्हन यांचं पुस्तक घ्यावं की बार्न्सचं, हा वाद मात्र मला थोडा फसवा वाटतो. दोघांची कामं वेगळी. हेराक्लिटस या सॉक्रेटिसपूर्व विचारवंताच्या प्रसिद्ध नदीच्या दृष्टांताचंच बघा. 'सगळं सतत वाहतं' हे प्लेटोने त्याच्या गळ्यात मारलं, असा कर्कचा रोख. बार्न्स म्हणतो, प्लेटोचं बरोबरच होतं. मूळ वचनं समोर ठेवून स्वतः ठरवायचं असेल तर कर्क-रेव्हन घ्या. युक्तिवाद उसवून बघायची हौस असेल तर बार्न्स, पण तर्कशास्त्राच्या चिन्हांची तयारी ठेवा. आणि जुन्या बाजारात कर्क-रेव्हन मिळालं तर मुखपृष्ठावर स्कोफिल्डचं (दुसऱ्या आवृत्तीचा तिसरा लेखक) नाव आहे ना ते बघा. 1957 च्या पहिल्या आवृत्तीत अनुवाद तळटीपांत होते, 1983 च्या दुसरीत ते उताऱ्याच्या लगेच खाली आले. पार्मेनिडीसवरचं लेखनही त्यात नवं आहे.