ट्रॅडेस्कंट कबर: पुन्हा कोरली म्हणजे नकली?

टाकीचा घाव: लंडनच्या लॅम्बेथमधल्या सेंट मेरी चर्चच्या आवारातली ट्रॅडेस्कंट घराण्याची कबर 'नकली', कारण आजचं कोरीवकाम 1853 चं, असं वर 'जुनाच बरा'ने ठोकून दिलंय. संताप आला. 1662 मध्ये धाकटा जॉन ट्रॅडेस्कंट गेल्यावर त्याची बायको हेस्टर हिने ती उभारली. मगर, शिंपले, पडकी बांधकामं, कवटीजवळचा अनेक तोंडांचा सर्प: थोरला आणि धाकटा जॉन, या बाप-लेक माळ्यांनी जमवलेलं जगच तिथे कोरलंय. केंब्रिजच्या पीप्स ग्रंथालयात जुनी रेखाटनं होती, त्यांवरून ते पुन्हा कोरलं. अंदाजाने नाही.

जुनाच बरा: रेखाटनात मगर दिसते, टाकी किती खोल गेली ते दिसत नाही. मूळ पाथरवटाचा हात गेला तो गेलाच.

चुनेवाला: मगरीवरून काय भांडताय? पेटीच्या घडणीच्या कबरी फुटतात त्या दरजांत, म्हणजे शिळांमधल्या सांध्यांत. बाजूच्या शिळा लोखंडी आकड्यांनी बांधलेल्या असतात. दरजांत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते, लोखंड गंजून कित्येक पट फुगतं आणि कोपराच उडवतं. आकडे काढून स्टेनलेस स्टीलचे घाला. दरज हातछिन्नीने उकरा, रुंदीच्या निदान दुप्पट खोल. ग्राइंडर लावलात तर शिळेच्या कडा जातील. धूळ काढा, ओलवा, मग एक भाग जलीय चुना (ओलीतही घट्ट होणारा) नि अडीच भाग चाळलेली वाळू भरा. वर ओलं गोणपाट, काही दिवस. पाणी गोठवणाऱ्या थंडीत हात लावू नका, ओला चुना गोठून भुगा होतो. आपल्याकडे गडांच्या तटांना सिमेंट फासणाऱ्यांना हे कोण सांगणार?

टाकीचा घाव: गड कुठून आले मध्येच?

चुनेवाला: दगडाला देश कळत नाही, ओल कळते!

जुनाच बरा: दरजांचं मान्य. पण दरज दुरुस्त करणं वेगळं, शिल्प नव्याने कोरणं वेगळं. झिजलेली शिळा छपराखाली हलवा, तिच्या जागी प्रत बसवा.

टाकीचा घाव: 1853 मध्ये तसं केलं असतं तर बरं होतं, एवढं कबूल. त्याच आवारातली, 'बाउंटी' जहाजावरच्या बंडामुळे गाजलेल्या कॅप्टन ब्लायची कबर कोड स्टोनची, म्हणजे भट्टीत भाजलेली, म्हणून उन्हापावसाला दाद देत नाही. कोरलेल्या दगडाचं तसं नसतं.

जुनाच बरा: ठीक, 'नकली' म्हणणार नाही. पण 1662 सांगताना 1853 गाळू नका.

चुनेवाला: आणि प्रेशर वॉशर कुणी आणू नका. दगडफूल खरवडलंत तर दगडाचा पापुद्राही सोबत येईल.