‘हद्दीबाहेरचे फुकटे’ : एका पोस्टला लांबलचक उत्तर

फलाट_दोन
काल ‘खांबावरचीगाडी’ यांनी लिहिलं की शहराने आधी स्वतःपुरतं मेट्रोचं जाळं पुरं करावं. आसपासची गावं, रेल्वे आणि बस यांची जुळवाजुळव वगैरे नंतर बघता येईल. आणि बाहेरून रोज येणारे म्हणे ‘कर एकीकडे भरतात, सीट दुसरीकडे अडवतात’. फुकटे! रात्री वाचलं आणि झोप उडाली.

मी त्या फुकट्यांपैकी एक. ११ वर्षं झाली. माझी गाडी ८.१२ ला फलाटाला लागते आणि पुढची बस ८.१३ ला सुटते. मध्ये पादचारी पूल. पुलाच्या मध्यावर पोहोचलो की खाली बस वळताना दिसते, रोज त्याच जागी. गंमत म्हणजे दोघीही अगदी वेळेवर असतात. गाडीवाल्यांच्या अहवालात वक्तशीरपणा उत्तम, बसवाल्यांच्याही उत्तम. पुढची बस ८.४० ची. गाडीवाल्यांना लिहिलं तर म्हणाले, बस आमच्या अखत्यारीत नाही. बसवाल्यांना लिहिलं तर म्हणाले, रेल्वे आम्हाला विचारून गाड्या सोडत नाही. पाच मिनिटांचा प्रश्न आहे हो! त्यासाठी एकही खांब उभारावा लागत नाही.

झ्युरिकच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वे चक्क मत देऊन नाकारली. पुढे १९९० मध्ये तिथे प्रादेशिक रेल्वे आणि अख्ख्या कँटनला (म्हणजे प्रांताला) एक तिकीट, एक समन्वय संस्था, असं दोन्ही एकदम सुरू झालं. हॅम्बुर्गने तर अशी संस्था १९६५ मध्येच काढली. मेट्रो नको असं मी म्हणत नाही. पण सांधे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्यासोबत त्या पुलावर उभं राहावं.

खांबावरचीगाडी
‘फुकटे’ हा शब्द मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही.

तुम्हाला पूल दिसतो, मला डब्याचं दार दिसतं. मी शहराच्या मधोमध राहते, तेही छोट्या आणि महाग घरात, ऑफिस जवळ पडावं म्हणून. माझ्या स्टेशनात गाडी येते ती तुमच्याकडूनच भरून येते. सकाळी दोन गाड्या सोडते, तिसरीत एक पाय ठेवायला जागा मिळते. आणि तुम्ही म्हणता ती गाडी अजून लांबून सोडा, तिकीट एकच करा, बसही जोडून द्या. म्हणजे अजून लोक अजून लांब घरं घेणार आणि ती गाडी माझ्यापर्यंत येईतो पुन्हा भरलेली. लांब स्वस्त घर घेणं हा तुमचा निर्णय. त्याचा भार मी का उचलू?

झ्युरिकचं कौतुक पुरे. त्या शहरात ट्राम आधीपासून होत्या, आणि मुळात ते लहान आहे.

गणिताचामास्तर
खांबावरच्या ताईंचा दुसरा परिच्छेद बरोबर आहे, हे आधी नोंदवतो, नाहीतर फलाटवाले मला आपल्या बाकावर बसवतील. माणूस रोजच्या प्रवासावर सरासरी तासाभराच्या आसपास वेळ घालवतो आणि वेग वाढला की तो वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातो. मार्केत्ती या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच मांडलं, त्यांच्याआधी झहावी यांनी. म्हणजे लोहमार्ग लांबवला की वस्ती लांबणार. पण ती कुठे लांबेल हे तुम्ही ठरवू शकता. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात वस्ती हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या पाच रेल्वेमार्गांवर ठेवली आणि बोटांच्या बेचक्यात हिरवी जमीन राखली. हे शहराच्या हद्दीत बसून होत नाही. हद्दीबाहेरची जमीन नकाशात नसेल तर बोटं काढणार कशावर?

आता पुलाचं. प्रवासाच्या मॉडेलमध्ये थांब्यावर ताटकळलेलं एक मिनिट साधारण दोन मिनिटांच्या भावाने धरतात. फलाटरावांची २७ मिनिटं म्हणजे ५४. कुठली मेट्रो तेवढी वाचवणार आहे?

स्विस लोकांनी तर उलटीकडून हिशेब केला. झ्युरिक-बर्न प्रवास तासाच्या आत बसला की दोन्ही टोकांना गाड्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधी येणार, जरा नंतर निघणार आणि मधल्या काही मिनिटांत सगळ्या दिशांची बदली होणार. त्यासाठी नवा मार्ग बांधला, २००४ च्या डिसेंबरात वेळापत्रक लागू केलं, प्रवास ५६ मिनिटांवर आणला. ४५ वर आणायची धडपड केली नाही, कारण त्याचा उपयोग नव्हता. आधी वेळापत्रक, मग रूळ. आपण आधी खांब, मग उद्घाटन, मग वेळापत्रक.

चारचाकी_नाइलाजाने
एवढं सगळं लिहिलंत, पण घरापासून स्टेशनपर्यंत कसं जायचं यावर एक अक्षर नाही. माझ्या घरापासून स्टेशन ६ किमी. बस दिवसातून चार वेळा, त्यातली एक शाळेच्या सुट्टीत बंद. मोटारीने जावं तर ७.२० ला स्टेशनाचं पार्किंगचं मैदान भरलेलं. परवा दोन फेऱ्या मारल्या, तोवर गाडी गेली, मग सरळ मोटारीनेच शहरात गेलो. आणि मग मीच कोंडी करणारा पापी! स्टेशनाला मोठं, फुकट पार्किंग द्या. निम्मा प्रश्न सुटेल.

सायकलवेडी
नाही सुटणार. एका मोटारीला आत-बाहेर करायच्या वाटेसकट २५-३० चौरस मीटर जागा लागते. ४०० मोटारींचं मैदान म्हणजे दहा हजार चौरस मीटरच्या वर, तेही शहरभराच्या सगळ्यात मोक्याच्या जमिनीवर. मैदान गच्च भरलं तरी त्यातून एका लांब आगगाडीचे निम्मे डबे भरत नाहीत. तिथे घरं बांधली तर तेच लोक चालत येतील. उट्रेख्टला स्टेशनाखाली १२,५०० सायकलींची जागा आहे. ६ किमी म्हणजे पंचवीस मिनिटं.

चारचाकी_नाइलाजाने
पंचवीस मिनिटं म्हणे. माझ्याबरोबर आईसुद्धा असते, आठवड्यातून दोनदा, उपचारांना. तिला कॅरिअरवर बसवू की हँडलवर?

सायकलवेडी
तुमच्या आईसाठी राखीव जागा हवीच. तिच्या नावावर उरलेल्या ३९० धडधाकट लोकांना फुकट जमीन कशाला?

चारचाकी_नाइलाजाने
आईला मध्ये आणू नका.

सायकलवेडी
आणलं कोणी??

गणिताचामास्तर
सान फ्रान्सिस्कोच्या बार्ट या रेल्वेने १९७२ पासून हाच प्रयोग केला: उपनगरी स्टेशनं आणि भोवती मोटारींची विस्तीर्ण मैदानं. आता त्याच मैदानांवर एकेक करून घरं बांधताहेत. पण चारचाकींचं एक खरं आहे. जिथे बस दिवसातून चार वेळा आहे तिथे पार्किंग काढून घेणं म्हणजे स्टेशनच काढून घेणं. आधी दर पंधरा मिनिटांनी बस, मग मैदानाला शुल्क, मग घरं. क्रम उलटा केला की शिव्या पडतात.

चारचाकी_नाइलाजाने
शुल्क. आलात शेवटी शुल्कावर. अपेक्षित होतं.

शेवटचीबस
पार्किंगवर इतके प्रतिसाद, वा. सगळे सकाळी ८ ला निघून संध्याकाळी ६ ला परतणारे दिसताय.

हॉस्पिटलातली माझी पाळी रात्री ११.३० ला संपते. गाडीला जोडून असलेली शेवटची बस ११.२०. गेल्या हिवाळ्यात वॉर्डातून निघायला उशीर झाला, शेवटची गाडी कशीबशी मिळाली आणि माझ्या स्टेशनाबाहेर आले तर एकही वाहन नाही. रस्त्याकडेला पदपथ नाही. ४ किमी मोबाईलच्या उजेडात चालले, मागून मोटार आली की गवतात उतरून उभी राहायची. ज्या अहवालात मी ‘प्रवासी संख्या’ आहे त्यात त्या रात्रीची मी धरलेलीच नाही, कारण बस नव्हती म्हणजे प्रवासीही नव्हता. मागणी नाही म्हणून बस नाही, बस नाही म्हणून मागणी नाही. मास्तर, याला मॉडेलमध्ये काय भावाने धरतात?

गणिताचामास्तर
धरत नाहीत. ती चूकच आहे.

खांबावरचीगाडी
शेवटचीबस, वाचून गप्प झाले. पण गप्प राहून धागा संपेल म्हणून विचारते: हे सगळं करणार कोण? रेल्वे एकाची, बस दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा आणि गावं पंधरा. ‘एक संस्था’ म्हणणं सोपं आहे. दक्षिण कोरियातल्या सोलने २००४ च्या जुलैत एका दिवसात बसमार्ग, रंग, भाडं, कार्ड सगळं बदललं आणि पहिले काही दिवस कार्डयंत्रं बंद, लोक रस्त्यावर. आम्ही शहरवाले ते भोगणार आणि तुम्ही बाहेरून बघणार.

फलाट_दोन
ताई, सोलचा पुढचा भागही सांगा ना. गोंधळ निवला, अंतरानुसार एकच भाडं राहिलं आणि भोवतीचा ग्यॉन्गी प्रांत २००७ मध्ये, इंचॉन २००९ मध्ये त्यात आलं. पंधरा गावांची एकाच दिवशी सही लागत नाही, एकेक जोडत जाता येतं. उलट जर्मनीतलं कार्ल्सरूऽ बघा. १९९२ पासून शहरातली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर चढून बाहेरच्या गावांत जाते. विजेचा दाब शहरात वेगळा, रेल्वेवर वेगळा, म्हणून दोन्ही चालतील अशा गाड्या केल्या. बदलीच नाही, पूलच नाही.

खांबावरचीगाडी
आणि त्या बाहेरून येणाऱ्या ट्रामांनी मुख्य रस्ता इतका भरला की शेवटी शहराला खाली बोगदा खणावा लागला. २०२१ मध्ये उघडला. शोधून ठेवलंय मी. म्हणजे खोदकाम कुणाच्या दारात? आमच्याच.

फलाट_दोन
मान्य. हे मला माहीत होतं आणि मी सोयीस्कर गाळलं.

खांबावरचीगाडी
प्रामाणिकपणाबद्दल आभार. मग माझ्याकडूनही घ्या: तुमची बस पाच मिनिटं उशिरा सोडायला माझी हरकत नाही. फार मोठं मन आहे माझं. पण तुमच्या गाडीला डबे वाढवा, नाहीतर मधल्या स्टेशनातून रिकामी गाडी सोडा. ‘प्रदेश’ म्हणताना त्यात मध्यभागसुद्धा येतो, हे तुम्ही लोक विसरता.

चारचाकी_नाइलाजाने
आणि माझं मैदान?

सायकलवेडी
🙏

फलाट_दोन
ताजी बातमी. आज पुलावरून बघतो तर बस खालीच उभी. धावत सुटलो, मिळाली. ११ वर्षांत पहिल्यांदा. चालकाला म्हटलं, वेळ बदलली वाटतं? तो म्हणाला, दार अडकलं होतं, साहेब, दुपारी दुरुस्त करून घेतो.