चर्चा: खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेणाऱ्याशी संबंध ठेवावेत का?

रामबागकर
आमच्या गल्लीत एक वकील राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेतलं. ज्याच्या नावानं सगळं इंदूर बोटं मोडतंय, असा माणूस. परवा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं, त्यांच्या बायकोला बोलावणं गेलं नाही. दरवर्षी आंब्याच्या डाळीची वाटी त्यांच्या घरी जाते, तीही गेली नाही. मी घरात म्हटलं, हे चुकलं. बायको म्हणाली, "त्या माणसाला वाचवायचे हे पैसे घेतात, मी डाळ कशाला पाठवू?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आता सुचलंय ते असं. एप्रिल २०१८ आठवा. राजवाड्याजवळ उघड्यावर आईबापांशेजारी झोपलेली काही महिन्यांची मुलगी उचलून नेऊन मारली. महिन्याच्या आत, १२ मे रोजी, आरोपीला फाशी सुनावली गेली. न्याय झाला असं मीही म्हणालो होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि खटला नव्यानं चालवायला सांगितला, कारण त्या घाईत आरोपीला बचावाची पुरेशी संधीच मिळाली नव्हती. म्हणजे साडेपाच वर्षांनी त्या आईबापांच्या नशिबी पुन्हा पहिली पेशी! बचावाचा वकील नीट उभा राहिला नाही, तर भोगायला लागतं ते मेलेल्याच्या घरच्यांना.

पागनीसपागा
दादा, तुम्ही बाहेरून बघताय. माझ्या भावाचा खून झाला. शर्ट ओळखायला आई साक्षीला उभी होती. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "असे निळे शर्ट इंदुरात हजारो मिळतात, हा तुमच्याच मुलाचा कशावरून?" आई म्हणाली, "खालून दुसरं बटण मी लावलंय. निळा दोरा संपला होता म्हणून पिवळ्यानं." तिथं थांबायला हवं होतं ना? नाही थांबले. मुलगा किती प्यायचा, रात्री घरी यायचा का, सुनेशी पटत होतं का, असं विचारत सुटले. आईनं कटघऱ्याची कड धरली होती. बाहेर आल्यावरही तिची मूठ उघडेना. ती शेवटपर्यंत त्या वकिलाचं नाव घेत राहिली, खुन्याचं नाही. तुमच्या बायकोनं केलं ते बरोबर केलं.

चालान_वाचणारा
ताई, मी जिल्हा कोर्टात बचावाचीच कामं करतो. शर्टाचा प्रश्न मीही विचारला असता, विचारायलाच हवा. पण पिवळ्या दोऱ्याची गोष्ट त्या प्रश्नामुळेच बाहेर आली ना? त्यानंतर तो पुरावा कोण हलवणार? पुढचे प्रश्न मात्र नुसते दुखवायला होते, आणि अशा प्रश्नांना चाप लावायला पुरावा कायद्यात १५१ आणि १५२ ही कलमं होती, नव्या कायद्यातही तशी तरतूद आहे. सरकारी वकिलानं उठून हरकत घ्यायला हवी होती, न्यायाधीश साहेबांनी प्रश्न थांबवायला हवा होता.

आपल्या शेजारच्या खंडव्याची केस सांगतो. २०१३ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप एका तरुणावर आला. सरकारी मदतीतून वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी. हायकोर्टानं ती कायमही केली. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये निकाल रद्द केला आणि सांगितलं की फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात निदान दहा वर्षं वकिली केलेला माणूस द्या आणि तयारीला निदान सात दिवस द्या. सात दिवस! हेसुद्धा सांगावं लागलं. पुन्हा खटला चालून तो तरुण २०२४ मध्ये निर्दोष सुटला. अकरा वर्षं आत होता. त्या मुलीच्या आईबापांना आज कोण काय सांगणार?

स्नेहलतागंज
सरकारनं नेमलेला वकील वेगळा, त्याचं काम आहे, समजू शकते. पण लठ्ठ फी घेऊन स्वतः होऊन केस घेणारा? वकिलाला मन नसतं का? नाही म्हणता येत नाही?

चालान_वाचणारा
एकट्यानं, सबळ कारण असेल तर म्हणता येतं. पण आरोपी दोषी आहे असं मला मनातून वाटतं, हे कारण बार कौन्सिलच्या नियमांत चालत नाही. आणि सगळ्या बारनं, म्हणजे वकिलांच्या संघटनेनं, मिळून ठराव करायचा की याची केस कुणी घ्यायची नाही, हे तर नाहीच नाही. असे ठराव सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच रद्दबातल ठरवलेत. फीचं म्हणाल तर डॉक्टरही घेतात, आणि टेबलावर कोण झोपलाय हे विचारून चाकू ठेवून देत नाहीत.

स्नेहलतागंज
डॉक्टर मेलेल्या माणसाची बदनामी करत नाहीत.

रामबागकर
हे मला पटतं. म्हणूनच वकील कोर्टात वागतो कसा यावर त्याला जोखू या, कुणाचं वकीलपत्र घेतलं यावर नको. आज संध्याकाळी वाटी घेऊन मीच जातोय.

पागनीसपागा
ती कलमं आम्हाला तेव्हा कुणी सांगितली नाहीत. सांगितली असती तर मी स्वतः उठून ओरडले असते. तुम्ही जा खुशाल. माझ्या घरून वाटी जाणार नाही.