मुलाच्या इंजिनिअरिंगची फी: कर्ज किती घ्यावं, की घेऊच नये? (पुणे)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते. आज अडले म्हणून धागा काढतेय, जरा लांबलाय.

मुलगा बारावी झाला, सीईटीला ९३ पर्सेंटाइल. कॅपचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, तीन दिवसांत भरायचाय आणि घरात रोज रात्री ताटं उचलायच्या आत वाद सुरू होतो. आम्ही धनकवडीत राहतो. घर सासऱ्यांनी घेतलेलं, त्यामुळे होस्टेल-मेसचा खर्च नाही. नवरा भोसरीला कारखान्यात, मी दोन सोसायट्यांचे हिशेब लिहिते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाख ४० हजार, म्हणजे शिष्यवृत्तीच्या ८ लाखांच्या अटीत बसतं. तहसीलदारांचा दाखला काढून ठेवलाय. आम्ही ओपनमध्ये. (शेजारची मुलगी ओबीसी, तिला २०२४ च्या शासन निर्णयामुळे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. आनंदच आहे, पण मला मुलगा आहे!)

नऱ्ह्याकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेलसं दिसतंय. फी १,७४,८००. त्यात शिक्षण शुल्क १,५२,०००, डेव्हलपमेंट २२,८००. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचं निम्मं मिळतं, म्हणजे ७६,०००. डेव्हलपमेंटमधलं काही सुटत नाही. राहिले ९८,८००, ते ओढूनताणून दरवर्षी जमतील. पण चौकशीला गेलो तर खिडकीवरचा माणूस वर न बघताच म्हणाला, "आधी पूर्ण भरा. महाडीबीटीचे पैसे येतील तेव्हा येतील." (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल.)

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. मोठ्या नावाच्या कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा घ्यायची, सात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं, पोरगा नोकरीला लागला की फेडेल. तिथली फीही जवळपास एवढीच, पण कॅपमधून प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही नाही.

मी कागद घेऊन बसले. दरवर्षी पावणेदोन लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं. शिक्षण संपेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थोडंच थांबतंय? पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन. सरळव्याजाने २ लाख ४५ हजार. पहिला हप्ता भरायच्या आधीच सातचे ९ लाख ४५ हजार झाले! दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेबारा हजार. माझ्या भाचीचा पहिला पगार पंचवीस हजार होता.

माझ्या भावाच्या कर्जाला वडील सहकर्जदार होते. त्याची नोकरी गेली आणि हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून जायला लागले. दर महिन्याला पासबुक भरून आणायचे आणि चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून, तीच एक ओळ वाचत बसायचे. ते डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून कदाचित मी जास्तच घाबरत असेन. ते तुम्ही सांगा.

कर्ज अजिबात नको म्हणावं, की शिष्यवृत्ती येईपर्यंत अडलेल्या ७६,००० पुरतं घ्यावं? आणि टीएफडब्ल्यूएस म्हणतात ते नक्की काय असतं?

निवृत्त बँकवाला
ताई, हिशेब चोख आहे. घाबरताय तेही बरोबरच. कर्ज घ्यायची वेळ आलीच तर मंजूर जास्त करून घ्या, उचला लागेल तेवढंच. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत गेलात तर बोजा फुगत नाही, आणि काही बँका त्यासाठी दरात सूटही देतात. ४ लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, मात्र संस्था त्यांच्या यादीत हवी. आधी यादी बघा, मग कॉलेजचं नाव. '८०ई'ची, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट सगळे सांगतील, पण ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

तिसरं वर्ष
काकू, टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क पूर्ण माफ, बाकीची फी भरायची. उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. जागा ५ टक्के, म्हणजे साठच्या वर्गात तीन. ऑप्शन फॉर्ममध्ये अशा जागेच्या कोडच्या शेवटी 'टी' असतो. कटऑफ चढा जातो. पण एक ऐका, नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. फी वाचते म्हणून मी नको असलेली शाखा घेतली आणि आता रोज लॅबमध्ये स्वतःला शिव्या देतो. त्याला आवडणारेच टी कोड टाका.

सिंहगडरोडकर
कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून बघा. त्याहून जास्त मागितली तर देऊ नका, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. हप्त्यांसाठी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, खिडकीवर तोंडी बोलून काही होत नाही. तुमच्या कामाचं नाही, पण बाहेरगावचं कुणी वाचत असेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीत चौकशी करा. १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करताहेत. पुण्यात फीइतकाच खोलीभाड्यानेही माणूस मोडतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कर्जाचं तूर्त बाजूला ठेवलं. आमची बारा जणींची पाच हजारांची भिशी आहे, माझा नंबर जानेवारीत होता. ऑगस्टवाल्या बाईंना विचारलं तर त्यांनी लगेच बदलून दिला, त्यांचं फर्निचर लांबलंय म्हणे. ६०,००० ते, वरचे १६,००० आरडी मोडून. शिष्यवृत्ती आली की तेच पैसे पुढच्या वर्षी फिरवायचे. फॉर्ममध्ये वर दोन टी कोड टाकलेत, दोन्ही कॉम्प्युटरचे. लागणार नाहीत बहुधा, पण टाकायला पैसे पडत नाहीत. नवरा अजून घुम्यासारखा बसलाय, माझा कागद मात्र घडी घालून पाकिटात ठेवलाय.

एक राहिलंच. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते ना? मुलाची दोन खाती आहेत, एक शाळेत असताना काढलेलं. आधार कुठल्याला जोडलंय हे घरबसल्या कसं बघायचं?