मदत हवी आहे: माळकरी वडिलांसाठी चरबी नसलेला दाढीचा साबण (फेस मात्र तसाच हवा)

बार्शीलाईट:
मंडळी, अर्धं धर्मसंकट आहे आणि अर्धी केमिस्ट्री, दोन्हीतलं ज्याला जे कळतं त्याने ते सांगा.

आमचे अण्णा ७१ वर्षांचे, एसटीतून रिटायर, गळ्यात तीस वर्षं माळ, आषाढी वारी सहसा चुकवत नाहीत. दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या कामाने इस्तंबूलला गेलो होतो, तिथल्या किराणा दुकानात दाढीच्या साबणाची कांडी दिसली, लिंबासारखा वास, किंमत किरकोळ, म्हणून चार उचलल्या. अण्णांचं एरवी मी काहीही आणलं तरी "कशाला खर्च केलास" सुरू होतं, पण ही कांडी भलतीच आवडली. वाटी नको, डबी नको, ओल्या गालावर सरळ घासायची आणि ब्रश फिरवला की घट्ट सायीसारखा फेस. वारीत तर पिशवीच्या कोपऱ्यात मावते, दिंडीतल्या दोघांनी मागून घेतली म्हणे.

आता शेवटची कांडी संपत आलीय म्हणून ऑनलाइन शोधायला गेलो आणि पहिल्यांदाच वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचलं. पहिलाच शब्द पोटॅशियम टॅलोएट. टॅलो म्हणजे गुराची नाहीतर मेंढीची चरबी. पोटात गोळाच आला. कांदा-लसूण न खाणारा माणूस रोज सकाळी ते तोंडाला फासतोय आणि आणून दिलंय मी.

मग वनस्पती तेलाचा एक चांगल्यापैकी महाग, वाटीतला साबण मागवला. माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर फेस ठीक आला. बार्शीला नेला तर मिनिटभरात फेस बसला, गालावर नुसता पांढरा चिकट थर राहिला, अण्णा म्हणाले "ह्यापेक्षा अंगाचा साबण लावतो". म्हणजे चरबीचा तो चरबीचाच असं काही आहे का? तेलाच्या साबणात तसा फेस येतच नाही का? आणि दुसरा प्रश्न जास्त अवघड, अण्णांना सांगायचं की नाही?

कटिंग_मारके:
नका सांगू. दीड वर्ष झालं ते झालं, कांडी संपली, दुकान बंद झालं सांगा, नवीन आणून द्या. साबण पोटात जातो का? धुवूनच टाकतो ना.

खवचट खडू:
कटिंगराव, १८५७ मध्ये काडतुसंही गिळायची नव्हती, नुसती दातांनी फोडायची होती. पोटात गेलं की नाही हा मुद्दाच नसतो. सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं, मी आपला लेबलापुरता बोलतो.

टॅलोएट दिसलं की चरबी, त्यात शंका नाही. सोडियम पामेट म्हणजे पाम तेल, कोकोएट म्हणजे खोबरेल. पण खरा घोळ स्टिअरिक ॲसिड (तेल-चरबीतलं मेणासारखं घट्ट आम्ल) आणि ग्लिसरीनमध्ये आहे. ही दोन्ही पामपासूनही बनतात आणि चरबीपासूनही, आणि लेबलवर नाव सेमच. तेव्हा टॅलो शब्द नाही एवढ्यावर उडी मारू नका, हिरवा ठिपका किंवा व्हेगन असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. डब्यातला फोम आणि ट्यूबमधली क्रीम घेतली तरी सुटका नाही, त्यातही बहुतेक वेळा स्टिअरिक ॲसिड असतंच. इंग्लंडच्या मिचेल्स वूल फॅट ह्या दाढीच्या साबणात तर चरबी आणि वर लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचं मेण. लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही, पण माळेला ते चालतं का हे महाराजांना विचारा, मला नको.

आणि तेलाचा साबण म्हणजे दुय्यम ही समजूत आपण तरी बाळगू नये. आर्देशीर गोदरेजांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला तो चरबी नको म्हणूनच, आणि स्वदेशीच्या काळात लोकांनी घेतला. इटलीचा प्रोरासो वनस्पती तेलांचाच, जगभर खपतो. जर्मनीच्या टबॅकनेही अलीकडे चरबी काढून टाकली, जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, पण साबण खपतोच आहे.

भिरंडेल:
मी सावंतवाडीकडे घरगुती साबण करते, दाढीचाही करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

फेस चरबीमुळे येत नाही. दाढीला जो दाट, टिकणारा फेस लागतो तो मुख्यतः स्टिअरिक आणि पामिटिक ॲसिडच्या साबणाचा असतो, आणि अंघोळीच्या वडीत फक्त कॉस्टिक सोडा असतो तिथे दाढीच्या साबणात पोटॅश (कॉस्टिक पोटॅश) जास्त घालतात कारण पोटॅशचा साबण पाण्यात पटकन विरघळतो. गुराच्या चरबीत साधारण पंचवीस टक्के पामिटिक आणि वीसच्या आसपास स्टिअरिक असतं, म्हणजे निसर्गानेच मिश्रण करून दिलंय, आणि युरोपात ती खाटकाकडे स्वस्तात मिळायची. म्हणून ती परंपरा, जादू वगैरे काही नाही. पाम तेलात पामिटिक भरपूर, चव्वेचाळीसच्या आसपास, पण स्टिअरिक जेमतेम चार-पाच टक्के. खोबरेलात दोन्ही कमीच, त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, येतो झटकन आणि जातो झटकन. म्हणून ज्या कंपनीने नुसतं पाम आणि खोबरेल घेऊन वर 'शेव्हिंग' छापलंय तिचा साबण बसणारच. वेगळं स्टिअरिक घातलेलं असेल तर तुम्ही डोळे मिटून फरक ओळखून दाखवा, मला नाही ओळखता येत. (चरबीने दाढीनंतर गाल मऊ राहतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत. राहतोही, पण ते बरंचसं साबणात न मुरलेली चरबी किती सोडलीय त्यावर असतं, ती तेलाचीही सोडता येते.)

आमच्याकडे तर ह्याला घरचाच उपाय आहे, कोकमाच्या बियांचं तेल. भेगांना लावतात तेच, कोणी मुठेल म्हणतं, आम्ही भिरंडेल. त्यात अर्ध्याहून जास्त स्टिअरिक असतं, चरबीच्या अडीच-तीनपट. मी निम्मं स्टिअरिक ॲसिड (पामपासूनचं), पंधरा-वीस टक्के खोबरेल, बाकी भिरंडेल आणि थोडं एरंडेल घेते. घरी करून बघायचा मोह होईल पण पोटॅश चामडी सोलतं, डोळ्याला चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि स्टिअरिक पडल्या पडल्या सगळं उकडीच्या मोदकाच्या उकडीसारखं गच्च होतं, ब्लेंडर जळतो. माझा एक जळलाय.

पण तुमच्या केसमध्ये मला साबणाचा संशयच कमी येतोय. पुण्यात फेस आला आणि बार्शीत नाही म्हणताय, साबण तोच ना? बार्शीला पाणी बोअरचं आहे का?

बार्शीलाईट:
बोअरचंच. नळ येतो पण चार दिवसांनी, तो प्यायला. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, आई शेवटी नळाचंच घालते. गिझरची कॉइल दर वर्षी पांढरी होते.

भिरंडेल:
मग झालं की. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणाला फेस येणार कुठून. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा साका होतो, तुमच्या गालावरचा पांढरा चिकट थर तोच. चरबीच्या साबणाचाही होतो. पिण्याच्या पाण्याला सरकारी मानक कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, आणि आपल्याकडचे बोअर कुठे असतात ते डाळीलाच विचारा.

मग कांडीला फेस कसा यायचा? कारण कांडी तुम्ही गालावर घासता. खुंटांवर घासल्याने भरपूर साबण उतरतो आणि पाणी असतं फक्त ब्रशमधलं. कॅल्शियमने आपला वाटा घेतला तरी उरतो. वाटीतल्या साबणावर आपण ब्रश पाच-दहा सेकंद फिरवतो, वर पाणी जास्त, मग त्यातलं निम्मं साक्यात जातं. दोन साबणांची तुलना म्हणून तुम्ही दोन पद्धतींची तुलना केलीत.

असं करा, प्यायच्या नळाचं किंवा आरओचं अर्धा तांब्या पाणी बाजूला ठेवा, दाढीला तेवढंच पुरतं, ब्रशही त्यातच भिजवा. नुसतं उकळून भागेलच असं नाही, उकळून थोडाच कठीणपणा जातो. आणि वाटीत ब्रश अर्धा मिनिट तरी घोटा. घोटायचं म्हणजे पुरणासारखं, घाई नको.

बार्शीलाईट:
शनिवारी बार्शीला गेलो होतो. (शुक्रवारी एकादशी, अण्णा दाढी करत नाहीत, त्यामुळे दोन दिवसांचे खुंट, म्हणजे टेस्ट कडक.) तोच महागडा वाटीतला साबण, नळाचं पाणी, मोबाईलवर तीस सेकंद लावून घोटला. आला फेस! कांडीइतका नाही म्हणणार, उन्नीस-बीस, पण मशीन फिरवून दुसरा हात होईपर्यंत टिकला. मग मुद्दाम कांडीचा तुकडा घेऊन वाटीच्या पद्धतीने, बोअरच्या पाण्यात, माझ्या स्वतःच्या गालावर करून बघितला, तर तोही बसला. भिरंडेलताई, दंडवत.

आणि हो, सांगितलं. फेस आल्यावर अण्णांनीच विचारलं की पहिल्यात असं काय वाईट होतं. काही वेळ बोलले नाहीत. मग ज्या दोघांना कांडी दिली होती त्यांना माझ्यासमोरच फोन लावला, लपवाछपवी काही नाही, "पोरानं वाचलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं" एवढंच म्हणाले. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, "पुण्याला ने, तू कुठं माळ घातलीयस".

खवचट खडू:
छान झालं. आता एक विचारू का, रागावू नका. अण्णांचा ब्रश कसला आहे?

बार्शीलाईट:
लाकडी दांड्याचा, जुना, मी शाळेत असल्यापासून बघतोय. का?

खवचट खडू:
जुने स्वस्त ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. गळलेला एक केस घेऊन काडी लावा. वितळून टोकाला मणी झाला तर नायलॉन, केस जळल्यासारखा वास येऊन भुगा झाला तर समजा.

बार्शीलाईट:
खडूशेठ, तुम्ही गप्प बसला असतात तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये पडलेला केस आईने कागदात ठेवून पोस्टाने पाठवला (कारण विचारलं नाही, विचारेल), आत्ताच जाळला. मणी झाला नाही.

तर आता नवीन मदत हवी आहे. सिंथेटिक ब्रश, दांडा जाड हवा कारण अण्णांचा हात थरथरतो, केस फार मऊ नकोत, पाचशेच्या आत. आषाढीच्या आधी सुचवा.