शेवाळापासून विमानाचं इंधन: एका एकराचा हिशेब बसतो का?

उसाचा_पट्टा (करवीर)
आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीला लागून एकरभर पडीक जागा आहे. डिस्टिलरी रोज ६० हजार लिटरची, आणि फर्मेंटरमधला कार्बन डायऑक्साइड सगळा हवेत जातोय. त्यावर उघड्या तळ्यात क्लोरेला नाहीतर सेनेडेस्मस जातीचं सूक्ष्म शेवाळ वाढवायचं, तेल काढायचं आणि विमानाचं इंधन करायचं, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आलाय. त्यात शेवाळात ५० टक्के तेल धरलंय. हा आकडा कितपत खरा? आणि पुढचं रिफायनिंग इथल्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशन करून जमेल का?

हरितपेशी
शेवाळाचं खाद्य, म्हणजे नायट्रोजन, तोडलं की ५० टक्के तेल दिसतं खरं, पण तेव्हा वाढही मंदावते. उपाशी शेवाळाचं तेल आणि पोट भरलेल्या शेवाळाची वाढ एकाच गुणाकारात घालणं ही या धंद्यातली जुनी गफलत आहे.

रेसवे तळ्यात (पाणी सतत गोल फिरवत ठेवणारं उथळ तळं) चौरस मीटरला रोज १२ ग्रॅम कोरडं शेवाळ धरा. पावसाळ्यातल्या ढगांत तेवढंही येत नाही, म्हणून वर्षाचे २८० दिवसच मोजा. एकराला रोज ४८-४९ किलो, म्हणजे वर्षाला साडेतेरा टन. २० टक्क्यांनी तेल २.७ टन. शुद्धीकरणानंतर त्यातलं निम्मं विमान-इंधनात बसलं तर साधारण १.३५ टन. ए-३२० जातीचं विमान तासाला सुमारे अडीच टन जाळतं. वर्षाचं पीक अर्ध्या तासात संपलं.

वायूची चिंता नको. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो सुटतो, म्हणजे रोज ४५ टन. किलोभर शेवाळाला १.८ किलो लागतो. वाया जाणारा धरून एकराला दीडशे किलो पुरे. फक्त २५ सेंमी पाण्यात थेट सोडू नका, बुडबुडे विरघळायच्या आत वर येऊन फुटतात. एक-दीड मीटर खोल खड्डा करून तळाशी बारीक डिफ्यूझर बसवा आणि पीएच ७.५ ते ८ राहील असा विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा. पाणी मात्र रोज ५ मिमी उडालं तरी २० हजार लिटर भरावं लागेल.

नायट्रोजनसाठी युरिया एकराला रोज साधारण साडेआठ किलो. तो शेतीचा, अनुदानाचा चालणार नाही. औद्योगिक वापराला टेक्निकल ग्रेडच घ्यावा लागतो. प्रस्तावात कुठला भाव धरलाय ते बघा.

गाळ_आणि_गाळणी
खरी मेख काढणीत आहे. तळ्यात लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. ४८ किलोसाठी रोज ९७ हजार लिटर पाणी हाताळायचं. सगळं थेट सेंट्रिफ्यूजला (वेगाने फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र) दिलं आणि घनमीटरला १ युनिट धरलं (हे उदार धरतोय) तर ९७ युनिट वीज. त्यातून मिळणाऱ्या पावणेदहा किलो तेलातली एकूण ऊर्जा किती? जवळपास १०० युनिट! बरोबरी इथेच झाली. पाणी फिरवणारं पॅडलव्हील आणि पंप अजून मोजलेच नाहीत.

म्हणून आधी निवळवून किंवा हवेने तरंगवून १ ते २ टक्क्यांपर्यंत घट्ट करायचं, मग सेंट्रिफ्यूज. तुरटी स्वस्त म्हणून हात तिकडेच जातो, पण ॲल्युमिनियम गाळात उतरतं आणि काळजी घेतली नाही तर धातू पुढे शुद्धीकरणातल्या उत्प्रेरकापर्यंत पोचून तो बिघडवतात. काइटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणारं) चालतं, महाग पडतं. पाणी कठीण असेल तर पीएच १०.५ च्या वर नेल्यावर मॅग्नेशियमच शेवाळ खाली ओढतं; आधी बीकरमध्ये करून बघा.

वाळवणं त्याहून वाईट. २० टक्के घट्ट लगद्यात किलोभर शेवाळामागे ४ किलो पाणी. ते उडवायला किमान ९ मेगाज्यूल, आणि तेल देणार साडेसात. बगॅसच्या बॉयलरची वाफ फुकट आहे असं कुणी म्हणेल, तर हंगाम संपल्यावर काय? आणि उन्हाळ्यात, वाढ चांगली असते तेव्हा, बॉयलर बहुधा थंडच असतो.

जेट_ए_वन
रिफायनिंगचं विसरा भावा. शेवाळतेल मिथेनॉल आणि कॉस्टिक पोटॅशने फिरवून जे मिळतं ते बायोडिझेल. विमानाच्या इंधनात ते किलोला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर भेसळ धरतात. प्रकल्प अहवालांत ही चूक सर्रास दिसते.

खरा मार्ग हेफा, म्हणजे तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया. ५० ते १०० बार दाबाचा हायड्रोजन, ३०० अंशांच्या पुढे तापमान, आधी ऑक्सिजन काढायचा. उरतात सरळ साखळीचे पॅराफिन, आणि १६ कार्बनवालं १८ अंशांलाच गोठतं. विमानाच्या नेहमीच्या इंधनाला, जेट ए-१ ला, उणे ४७ लागतं. म्हणून प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर साखळी वाकवायची, तोडायची. त्याआधी क्लोरोफिल आणि फॉस्फरस ब्लीचिंग अर्थने (शोषून घेणाऱ्या मातीने) काढावा लागतो. एवढं करूनही एएसटीएम डी ७५६६ या विमान-इंधनाच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या इंधनात मिश्रण ५० टक्क्यांपर्यंतच. बोट्रिओकॉकस नावाच्या शेवाळाच्या हायड्रोकार्बनला २०२० मध्ये वेगळी मान्यता मिळाली, तीही १० टक्क्यांपर्यंत. शेडमध्ये करायचं हे काम नाही.

तुमच्याकडे इथेनॉल आहेच. एकरी ४० टन ऊस, टनाला ७० लिटर, म्हणजे २८०० लिटर. त्यातून अल्कोहोल-टू-जेटने हजार-अकराशे लिटर विमान-इंधन. शेवाळाचे १.३५ टन म्हणजे पावणेदोन हजार लिटर. एकरी फरक दुपटीचाही नाही, भांडवलाचा विचार तुम्हीच करा. २०२७ पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांना १ टक्का शाश्वत विमान-इंधन मिसळण्याचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे इथेनॉलकडून येणाऱ्या मार्गाला गिऱ्हाईक मिळेल.

उसाचा_पट्टा
कळालं. तरी मंडळाला ‘करून बघितलं’ म्हणायचंय. लहान चाचणीत काय मोजू?

हरितपेशी
एक गुंठा करा, १०१ चौरस मीटर. एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर, पॅडलव्हीलने सेकंदाला २० ते ३० सेंमी वेग, काठ पाण्याच्या वर निदान २० सेंमी. जुलैतल्या एका मोठ्या पावसात १० सेंमी पाणी चढतं. मे आणि जुलै दोन्हीत चालवा, नाहीतर अहवालात फक्त उन्हाळाच दिसेल.

वजन राख वगळून घ्या, नाहीतर वाऱ्याने आलेली धूळही पीक म्हणून मोजाल. ‘एकूण लिपिड’वर (सगळे स्निग्ध पदार्थ) थांबू नका; त्यात क्लोरोफिल आणि पेशीपटलंही येतात, ट्रायग्लिसराइड, म्हणजे कामाचं तेल, वेगळं मोजून घ्या. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघा. रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव) वाढलेले दिसले तर त्याच दिवशी काढणी करा, दोन-तीन दिवसांत तळं चाटून पुसून साफ करतात.