मदत हवी आहे : आकडा चांगला, तरी शेतकरी म्हणतात आवाज तुटतोय

नमस्कार मंडळी. सांगलीत शेतकऱ्यांना हळदीचे दर सांगणारी फोनसेवा आम्ही चालवतो, सगळे कॉल इंटरनेटवरून. स्क्रीनवर एमओएस, म्हणजे आवाजाच्या दर्जाचा सरासरी गुण, ४ च्या वर दिसतो (१ वाईट, ५ उत्तम), आणि जतकडचे शेतकरी मात्र दर दोन-दोनदा विचारतात. शब्दाची सुरुवात गिळली गेली की पंधरा, सतरा, अठरा सगळ्यांचं नुसतं ‘रा’ उरतं. क्विंटलचा दर ऐकणाऱ्याला हे चालणार कसं?

स्क्रीनवरचा आकडा पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले आवाजाचे तुकडे), जिटर (तुकडे पोचण्याच्या वेळेतला चढउतार) आणि विलंब यांवरून गणिताने काढलेला अंदाज आहे. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.८०० शिफारशीत खरी माणसं ऐकून गुण देतात. मला तसंच मोजायचंय. पण कॉल संपल्यावर ‘आवाज कसा होता?’ विचारलं की वयस्कर मंडळी ‘बरा होता’ म्हणून मोकळी होतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, असं माझं मत.

म्हणून गुणांऐवजी ‘दर किती ऐकलात?’ असं विचारून पडताळावं का? की शेतकऱ्यांना बोलावून रेकॉर्डिंग ऐकवावं? त्यात अडचण अशी की नुसतं ऐकताना विलंब कळत नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात, ते प्रत्यक्ष संभाषणातच दिसतं.

मराठी बोलणाऱ्यांवर अशी चाचणी कुणी घेतली असेल तर वाक्यं कशी निवडली आणि किती जण पुरले, ते कृपया सांगा. हळदीचा हंगाम तोंडावर आलाय.